खात्री कुठून आली, तेही लिहा

संग्रहालयाच्या नोंदी संगणकावर घ्यायच्या ठरल्या की चर्चा होते ती सॉफ्टवेअर कोणते घ्यायचे, फोटो कसे काढायचे याची. कोणत्या रकान्यात काय आणि कसे लिहायचे, हे मात्र काम सुरू झाल्यावर ज्याला जसे सुचेल तसे ठरत जाते. हा क्रम उलटा हवा. वस्तूबद्दल आपल्याला काय माहीत आहे आणि ते कशावरून माहीत आहे, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे, हे नोंदीच्या नियमांचे पहिले काम आहे. ते झाले नाही, तर उत्तम सॉफ्टवेअरही आपल्या अंदाजांना पुराव्याचा दर्जा देऊन बसते.

एक अडकित्ता घ्या. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातल्या नक्षीदार अडकित्त्यांमुळे ही वस्तू आपल्या परिचयाची आहे. त्याची रुंदी मिटवून मोजायची की उघडून? दोघांनी दोन तऱ्हेने मोजली, तर एकाच वस्तूच्या कागदावर दोन वस्तू होतात. धातू कोणता? पिवळा दिसला म्हणून ‘पितळ’ लिहिले जाते. पण पितळ आणि कासे नुसत्या नजरेने नेहमी वेगळे ओळखता येत नाहीत. तपासणी होईपर्यंत ‘तांब्याचा मिश्रधातू’ एवढेच लिहिणे योग्य. काळ? ‘पेशवेकालीन’. हे कोणी सांगितले? देणगीदाराने, विक्रेत्याने, की घडण पाहून अभ्यासकाने? १७१३ ते १८१८ हा शंभरावर वर्षांचा पल्ला आहे. त्यावर बोट ठेवताना आधार कोणता, याचा रकाना शेजारीच हवा.

तारखांच्या बाबतीत तर आपले नियम आपल्यालाच करावे लागतील. पानिपतची लढाई पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ रोजी झाली. शकात सरसकट ७८ मिळवले तर १७६० येते. लढाई झाली १४ जानेवारी १७६१ला. शकाचे वर्ष चैत्रात बदलते, म्हणून जानेवारीत ७९ मिळवावे लागतात. त्याच दिवसांतल्या मोडी पत्रावर तेव्हा वापरात असलेल्या शुहूर सन या कालगणनेतले ११६१ हे वर्ष असेल, तेही अरबी संख्याशब्दांत. हा आकडा कोणी थेट वर्षाच्या रकान्यात टाकला, तर ते पत्र संगणकाच्या लेखी बाराव्या शतकात जाते आणि पानिपत शोधणाऱ्याला कधीच सापडत नाही. म्हणून तीन जागा हव्यात: कागदावर आहे तशीच्या तशी तारीख, तिचे इसवी सनातले रूप, आणि रूपांतर कोणी, कधी केले त्याची नोंद. रूपांतर चुकले तरी मूळ तारीख शाबूत राहते, म्हणून ते दुरुस्त करता येते.

रिकाम्या रकान्याचाही विचार व्हायला हवा. मूर्तीवर लेख आहे का, हा रकाना कोरा असेल तर वाचणाऱ्याने काय समजावे? लेख नाही, की कोणी पाहिलेच नाही? ‘पाहिले, आढळला नाही’ आणि ‘अजून पाहिलेले नाही’ हे दोन पर्याय दिले, तर पुढच्या अभ्यासकाचे कष्ट वाचतात.

जगात नोंदींच्या नियमांवर पुष्कळ काम झाले आहे. ब्रिटनमध्ये १९९४पासून ‘स्पेक्ट्रम’ हे मानक आहे. चोरीला गेलेली वस्तू ओळखता यावी म्हणून १९९७ साली आलेले ‘ऑब्जेक्ट आयडी’ सांगते, की फोटो, मापे, साहित्य, लेख आणि त्या वस्तूच्याच अशा खास खुणा नोंदवा. टवका, डाग, जुनी डागडुजी यांचे महत्त्व वस्तू हरवल्यावर कळते. पुण्याच्या सी-डॅकने ‘जतन’ ही प्रणाली तयार करून आपल्याकडच्या संग्रहालयांना साधनही दिले आहे. पण शुहूर सनासाठी जागा ठेवा, हे आपल्याला लंडनहून कोणी सांगणार नाही, आणि रकान्यात काय भरायचे हे कोणतीही प्रणाली आपणहून ठरवणार नाही.

यासाठी मोठ्या निधीची वाट पाहायला नको. जिल्ह्याच्या गावातल्या लहान संग्रहालयालाही मराठीतली एक छोटी नियमपुस्तिका लिहिता येईल: मापे कशी घ्यायची, तारीख कशी लिहायची, शंका कशी नोंदवायची. जुन्या नोंदवहीतला मजकूर पुसायचा नाही, दुरुस्ती तारीख-सहीनिशी शेजारी लिहायची. ती पुस्तिका अभिरक्षकाने एकट्याने लिहू नये. रोज वस्तू हाताळणारा आणि नोंदी भरणारा कर्मचारी सोबत हवा, कारण नियम कुठे अडतो हे आधी त्याला कळते. संग्रहालय लोकांच्या वतीने वस्तू सांभाळते. तिच्याबद्दल आपण किती खात्रीने बोलतो आहोत, हे लोकांना सांगणेही त्याच जबाबदारीत येते.