दुरून जेवढे दिसेल

कॅमेऱ्याने रक्त सांडत नाही, म्हणून तो निर्दोष ठरतो काय? लहानपणी सलीम अलींनी छऱ्याच्या बंदुकीने चिमणी पाडली. तिच्या पिवळ्या गळ्याच्या कुतूहलातून ते पक्षी-अभ्यासाकडे वळले. आज आपल्या हाती बंदूक नाही. पण नांदूर मध्यमेश्वर असो की गावचा तलाव, टिटवीच्या अंड्यांजवळ आपण फोटोसाठी ठाण मांडतो. ती उघड्या जमिनीवर अंडी घालते. कडक उन्हात पोटाची पिसे भिजवून त्यांच्यावर बसते. आपण हलेपर्यंत ती ओरडत घिरट्या घालते आणि अंडी तापत राहतात. याला आपण निसर्गप्रेम म्हणतो! ज्याच्यावर प्रेम, त्यालाच घर सोडावे लागत असेल, तर ते प्रेम कसले? दुरून जेवढे दिसेल तेवढेच आपले. बाकीचे टिटवीचे.