वडिलांच्या घड्याळाची काच

वारशाने आलेल्या वस्तूवर किती पैसा खर्च करणे उचित? या प्रश्नाला व्यवहारबुद्धी चटकन उत्तर देते. सदसद्विवेकबुद्धीला तसे देता येत नाही. नागपूर-हैदराबाद महामार्गावर, वर्धा व चंद्रपूरच्या वाटा जेथे फुटतात त्या जामसारख्या गावात वडिलांचे घड्याळ म्हणजे बहुधा चावीचे एचएमटी. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ साली बंगलोरला ही घड्याळे बनू लागली. २०१६ साली सरकारने ती कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला.

यांपैकी बहुतेकांची काच अॅक्रिलिकची. ती लवकर ओरखडते, पण वरवरचे ओरखडे पॉलिशने जातातही. तडा गेला तर ती बदलणेच भाग. फटीतून ओल शिरते, तबकडी डागाळते, यंत्र गंजते. काच स्वतः फार महाग नसते. महाग पडतो तो शहरात जाण्यात बुडालेला दिवस आणि ‘उघडलेच आहे तर तबकडीही रंगवून देतो’ येथून वाढत जाणारे बिल. (तबकडी रंगवणे ही माझ्या मते दुरुस्ती नव्हे, तेथे वडिलांचे घड्याळ संपते.)

एवढ्या पैशांत नवे घड्याळ येईल, किंवा तेच गरिबाला द्यावे, असे कोणी म्हणतोच. बेथानीतही हेच म्हटले गेले. त्या स्त्रीने ओतलेले सुगंधी तेल ३०० दीनारांहून अधिक किमतीचे होते, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षभराची कमाई. तरी प्रभूने तिची बाजू घेतली. परंतु हा आधार आपण फार सहज घेतो. तिने ते तेल तो जिवंत असताना ओतले. वडील हयात असताना त्यांच्या चष्म्याची काच बदलायला ज्याला सवड झाली नाही, त्याने घड्याळाच्या काचेवर केलेला खर्च नेमका कोणासाठी असतो?

किंमत आणि मोल यांची फारकत आमच्या जिल्ह्याला नवी नाही. सेवाग्रामला अपरिग्रहाने राहिलेल्या गांधीजींचे खिशातले घड्याळ, चष्मा, चपला, वाटी आणि ताट २००९ साली न्यूयॉर्कच्या लिलावात १८ लाख डॉलरना गेले.

घरोघरी प्रश्न याहून लहान आणि अधिक बोचरा असतो: घड्याळ एकाच्या मनगटावर, खर्च कोणाचा? वाद मिटत नसेल तर ते तडकलेल्या काचेसह पेटीत ठेवले जाते, आणि पुढच्या पावसाळ्याची ओल आत शिरते.