‘अण्णा’ : विशेषनाम की नाते?

विशेषनाम केवळ निर्देश करते, गुणवाचन करीत नाही, हे जॉन स्टुअर्ट मिलचे १८४३ मधील प्रतिपादन आणि पतंजलीने महाभाष्यात वेगळा काढलेला यदृच्छाशब्दांचा वर्ग यांच्यात अंतर पुष्कळ आहे. तरी नाव ठेवणाऱ्याच्या इच्छेपलीकडे नावाला आधार नसतो, हे गृहीत दोहोंना समान आहे. ते मान्य केल्यास नामसाम्य हा निव्वळ योगायोग ठरतो. ‘हजारे’ या आडनावापुरते हे खरेही आहे. १९४८ साली ॲडलेडच्या कसोटीत दोन्ही डावांत शतके करणारे विजय हजारे आणि राळेगणसिद्धीचे किसन बाबूराव हजारे यांना जोडणारे काहीही आडनावातून निष्पन्न होत नाही. ‘अण्णा’चे मात्र तसे नाही.

कानडीतला हा थोरल्या भावाचा वाचक मराठीने आपलासा केला. बळवंत पांडुरंग किर्लोस्कर आणि धोंडो केशव कर्वे हे ‘अण्णासाहेब’. भाऊराव पाटील ‘रयत’च्या परिवाराचे ‘अण्णा’. तुकाराम भाऊराव साठे यांच्या लेखननामात तर अण्णा आणि भाऊ ही दोन्ही भ्रातृवाचके शेजारी येऊन बसली आहेत. (तमिळ प्रदेशात अण्णादुराईंचे संक्षिप्त नावही हेच, आणि तेही नात्याच्याच अर्थाने ऐकले जाई.) रंगभूमी, स्त्रीशिक्षण, बहुजनांचे शिक्षण, शाहिरी ही क्षेत्रे भिन्न, पण यांपैकी एकही नाव बारशाचे नव्हे. क्रिप्केच्या उपपत्तीत नामकरण एकदाच होते व पुढे निर्देशाची साखळी चालू राहते. येथे प्रत्येक हाक हे नवे नामकरण असते, आणि हाक मारणारा त्याच क्षणी स्वतःचे धाकटेपण पत्करीत असतो.

नैतिक प्रश्न येथे उपस्थित होतो. लष्करातून १९७५ साली परतल्यावर हजारे यांनी यादवबाबा मंदिराच्या जीर्णोद्धारापासून आरंभ केला. पुढे पाणी अडवणे, श्रमदान, नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी यांनी दुष्काळी राळेगणचा कायापालट झाला. तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु याच गावात दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारले गेले, आणि हजारे यांनी त्याचे समर्थन कडू औषध पाजणाऱ्या आईच्या दाखल्याने केले. हा दाखला अलंकार म्हणून सोडून देता येत नाही. शासनाला शिक्षेसाठी कलम लागते, आईला वा थोरल्या भावाला लागत नाही. म्हणजे दंडाचा अधिकार नात्याच्या शब्दातूनच उचलला गेला. मग मार खाणाऱ्याने ‘अण्णा’ ही हाक स्वेच्छेने दिली होती, की गावाच्या बोलीत त्याला दुसरा शब्दच उरला नव्हता? पहिला पर्याय खरा असता तरी हाकेतली संमती मारापर्यंत पोहोचते, असे मला वाटत नाही. साठे यांच्या ‘फकिरा’च्या (१९५९) वाचकावर मुखपृष्ठावरील ‘अण्णा’ असा कोणताच हक्क सांगत नाही.

ऑगस्ट २०११ मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर ‘मी अण्णा आहे’ या अर्थाचे वाक्य लिहिलेल्या टोप्या दिसू लागल्या. समतेचा उद्गार म्हणून त्यांचे स्वागत झाले. तार्किकदृष्ट्या हे वाक्य विलक्षण आहे. सारेच थोरले झाले की धाकटा कोणी उरत नाही, आणि नातेवाचक शब्दातले नातेच निघून जाते. उरते ते मिलला अभिप्रेत असलेले निव्वळ विशेषनाम. मात्र ते नाव ज्याच्या कृतींनी मोठे झाले त्याच्या सर्व कृती त्याबरोबर येतात की काही निवडून घेता येतात, राळेगणचे बंधारे घेणाऱ्याने मंदिरापुढचा खांबही घेतला का, हे त्या टोपीवर लिहिलेले नव्हते.