छपराखालचं हॉटेल

गिरणीच्या शेडचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं का असतं, याचं उत्तर सुतात आहे. दात्याची उभी बाजू उत्तरेकडे तोंड करून असते आणि तिला काच बसवलेली असते. उत्तरेचा उजेड दिवसभर जवळजवळ एकसारखा राहतो, डोळ्यांवर ऊन येत नाही, आणि साच्यावर तुटलेला धागा कामगाराला चटकन दिसतो. 2007 च्या अखेरीस लोअर परळला मथुरादास मिलच्या आवारात अशाच एका शेडमध्ये 'ब्लू फ्रॉग' सुरू झालं. गाण्यांचे रेकॉर्डिंग स्टुडिओ, मंच, बार आणि रेस्टॉरंट असं सगळं तिथे एका छपराखाली होतं. धंदा मुख्यतः रात्रीचा. त्या उत्तरेच्या उजेडाचं गिऱ्हाइकाला काहीच काम नव्हतं.

हे काम मुंबई आणि लंडन अशा दोन ठिकाणी कार्यालयं असलेल्या 'सीरी आर्किटेक्ट्स' या संस्थेचं. कपिल गुप्ता आणि ख्रिस्तोफर ली हे तिचे वास्तुरचनाकार. रेस्टॉरंटमध्ये जेवायचं की गाणं ऐकायचं, हा अशा जागांचा जुना पेच. मंचासमोर टेबलं मांडली तर उभे राहून नाचणाऱ्यांना जागा उरत नाही, आणि उभ्यांना पुढे घेतलं तर बसलेल्यांना फक्त पाठी दिसतात. सीरीने टेबलंच रद्द केली. त्याऐवजी लाकडाने मढवलेल्या गोल बैठका केल्या. कुठे चौघांची, कुठे दहाजणांची, पण प्रत्येक वर्तुळाची उंची वेगळी. मंचाभोवती त्या अर्धवर्तुळात अशा चढवल्या की बसलेल्याची नजर उभ्याच्या डोक्यावरून जाईल. वरच्या कडांना आतून उजळणारा अॅक्रिलिकचा थर. रात्री शेडमध्ये शिरलं की आधी हीच प्रकाशाची वळणं दिसत.

हुशारीचं काम, यात शंका नाही. जगभरच्या वास्तुकलेच्या मासिकांनी त्याची छायाचित्रं छापली. पण त्या छायाचित्रांतून शेड कुठली, गिरणी कुठली, हे ओळखता येत नाही. रचनेला एक मोठी, उंच, खांबांची फारशी अडचण नसलेली पोकळी हवी होती, आणि ती गिरणीने दिली. तीच पोकळी गोदामाने दिली असती तरी चाललं असतं.

दुसरं काम महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरचं, 2009 चं 'द टोट'. घोड्यांवर लावलेल्या पैशांचा हिशेब करणाऱ्या यंत्राला टोट म्हणतात. पैजेच्या जागेला लागून वापरात नसलेल्या, ब्रिटिश काळातल्या बैठ्या इमारतींची एक रांग होती. इथे वारसा जतनाची अट होती: इमारतींच्या तीन चतुर्थांश भागात छपराची बाह्याकृती जशीच्या तशी राखायची, आणि उरलेला चौथा भाग पूर्ण जतन करायचा. छपराच्या बाहेरच्या रेषेला हात लावायचा नाही, आत काय करायचं ते करा, असा त्याचा व्यवहारी अर्थ.

सीरीच्या लोकांनी इमारतींकडे पाहिलं आणि त्यांना त्या तितक्याशा महत्त्वाच्या वाटल्या नाहीत. आवडली ती भोवतीची मोकळी जागा आणि तिच्यावर छत्री धरून उभे असलेले जुने रेन ट्री. (ही झाडंही मूळची दक्षिण अमेरिकेतली, इंग्रजांच्या काळात इथे आलेली. म्हणजे वारसा म्हणून इमारतीपेक्षा त्यांचा दावा काही कमी नाही.) मग जुन्या छपराच्या आकृतीखाली त्यांनी पोलादाची नवी रचना उभी केली. खांब वर जाताना त्याला फांद्या फुटतात, फांद्यांना उपफांद्या, आणि त्यांच्यावर छप्पर टेकतं. मेजवानीचा हॉल, रेस्टॉरंट, बार, प्रत्येक ठिकाणी फांद्यांची दाटी वेगळी. आत जेवणाऱ्याला बाहेरच्या झाडांचाच विस्तार आत आल्यासारखं वाटावं, अशी कल्पना.

दोन्हींपैकी टोट जास्त प्रामाणिक, असं म्हणायला हवं. तिथे काय होतं ते रचनाकारांनी आधी पाहिलं आणि त्यातलं मोलाचं काय हे स्वतः ठरवलं. नियमाने त्यांना छप्पर जपायला सांगितलं होतं, त्यांनी त्यासोबत झाडंही जपली. ब्लू फ्रॉगमध्ये असं पाहणं फारसं झालं नाही, आणि ते करायला भाग पाडणारी अटही कोणी घातल्याचं त्या रचनेत जाणवत नाही.

मुंबईच्या वारसा नियमावलीचा उल्लेख इथे हवाच. 1995 मध्ये राज्य सरकारने बृहन्मुंबईसाठी ती लागू केली. शहरातल्या इमारतींना अशा प्रकारचं कायदेशीर संरक्षण देणारी ती देशातली पहिली. पहिली, दुसरी, तिसरी अशा श्रेणी, प्रत्येक श्रेणीत काय बदलता येईल याची मर्यादा, आणि सल्ल्याला एक समिती. तिच्यामुळे फोर्टमधलं बरंच काही वाचलं. पण नियमाची नजर भिंतींवर, कमानींवर, छपरांवर असते. त्या छपराखाली कोण काय करत होतं, कोण कुठे जेवत होतं, याची नोंद नकाशावर येत नाही.

आणि गिरणगावात, म्हणजे लोअर परळसारख्या गिरण्यांच्या वस्तीत, जेवणाचा प्रश्न किरकोळ नव्हता. कोकणातून, घाटावरून आलेला गडी एका खोलीत पंधरा-वीसजणांत पाळीपाळीने झोपायचा. त्याची बायको गावी. त्याच्या जेवणाची सोय चाळीतल्या खानावळवाल्या बायका करत. महिन्याच्या बोलीवर, उधारीवर. पगाराच्या दिवशी हिशेब. दहा बाय बाराच्या खोलीत पहाटे चूल पेटायची, पाळी सुटली की पंगत बसायची. या बायका दुकानदाराच्या आणि सावकाराच्या कर्जात बुडालेल्या असत. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. पुरव मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या. गिरणगावातल्या खाण्याच्या धंद्याचा इतिहास लिहायचा तर पहिलं पान त्यांचं आणि त्या बायकांचं. त्यांच्या जागा आखायला कोणी वास्तुरचनाकार आला नव्हता.

18 जानेवारी 1982 ला कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो कधी रीतसर मागे घेतला गेला नाही, पण गिरण्या मात्र एकेक करून संपल्या. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे करायचे ठरवलं: एक मोकळ्या जागेला, एक सार्वजनिक घरांना, एक मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. पुढचे मॉल आणि मनोरे सगळ्यांना दिसतातच. फिनिक्स मिलची चिमणी मॉलच्या मधोमध उभी आहे. तिच्या आजूबाजूला खरेदी करणाऱ्या तरुणाला तिथून धूर निघायचा हे सांगावं लागतं.

या पार्श्वभूमीवर हॉटेल हा जुन्या इमारतीला मिळणारा सर्वात सोयीचा भाडेकरू ठरला. बँकेला छताची उंची नको असते, दवाखान्याला भिंती पाडाव्या लागतात. हॉटेलाला मात्र उंची, जुन्या विटा, गंजकी तुळई, सगळं चालतं. उलट तेच विकता येतं. पण हा भाडेकरू टिकत नाही. लोअर परळचं ब्लू फ्रॉग 2016 मध्ये बंद झालं, म्हणजे नऊ वर्षंही पुरी झाली नाहीत. याउलट जहांगीर आर्ट गॅलरीतलं 'समोवार' हे उपाहारगृह 1964 पासून पन्नास वर्षं चाललं, ते साध्या खुर्च्या-टेबलांवर आणि परवडणाऱ्या भावांवर. ते 2015 मध्ये बंद झालं, तेव्हा हळहळणाऱ्यांत चित्रकारही होते आणि परळहून लोकलने आलेले विद्यार्थीही.

घाईच्या भाडेकरूचा धोका 29 डिसेंबर 2017 ला मध्यरात्र उलटल्यावर दिसला. कमला मिलच्या आवारातल्या इमारतीच्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटला आग लागली आणि 14 माणसं गेली. बरीचशी धुराने गुदमरून, स्वच्छतागृहात अडकून. गच्चीवरचं आच्छादन पेट घेणारं होतं आणि बाहेर पडायचे मार्ग अडलेले. चौकशीत परवानगी देणाऱ्यांकडेही बोटं गेली. त्यानंतरचे काही दिवस महापालिकेचे हातोडे शहरभर चालत होते.

मुंबईच्याच रॉयल ऑपेरा हाउस या नाट्यगृहाची तऱ्हा वेगळी आहे. 1911 मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. बालगंधर्व आणि दीनानाथ मंगेशकर यांचे आवाज त्या रंगमंचाने ऐकले. पुढे तिथे सिनेमे लागले आणि 1993 मध्ये दारं बंद झाली. मालक असलेल्या गोंडल राजघराण्याने वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांच्या संस्थेकडे जीर्णोद्धार दिला, 2016 मध्ये पडदा पुन्हा वर गेला आणि 2017 मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. त्या आवारात नंतर जेवणाची जागा आली, पण पोटभाडेकरू म्हणून. मुख्य काम नाटक-संगीताचं राहिलं. क्रम बरोबर लागला, एवढाच फरक, आणि तो मोठा आहे. हॉटेल उद्या उठून गेलं तरी वास्तूला स्वतःचं काम आहे.

हा क्रम महालक्ष्मीला लवकरच ठरवावा लागणार आहे. 1883 सालचं ते रेसकोर्स 211 एकरांचं. त्यातले 120 एकर सार्वजनिक उद्यानाला आणि उरलेले 91 एकर शर्यतींसाठी भाडेपट्ट्याने, असा निर्णय 2024 मध्ये झाला. उद्यान म्हटलं की आराखड्यात उपाहारगृह येणारच, आणि ते आखायला चांगली संस्थाही मिळेल. महापालिकेने निविदेत दोन अटी घालाव्यात. नवी रचना जुन्या भिंतीला, झाडाच्या मुळाला धक्का न लावता उद्या सोडवून नेता येईल अशी असावी. आणि तिथल्या भावांचा तक्ता असा असावा की तबेल्यातल्या मोतद्दाराला आणि उद्यानाच्या माळ्याला दुपारी तिथे बसून जेवता येईल.