उशाशी बसताना



समोर पडलेला माणूस अजून आपल्यात आहे की नाही, हे आपण कशावरून ठरवतो? बहुधा डोळ्यांवरून. हाक मारली, त्याने पाहिले की आपला जीव भांड्यात पडतो. डोळे उघडलेच नाहीत तर "याला आता काही कळत नाही" असे आपण म्हणून टाकतो, आणि तेही त्याच्याच उशाशी बसून.

परमेश्वराने प्रत्येक डोळ्याला फिरवण्यासाठी सहा लहान स्नायू दिले आहेत, चार सरळ आणि दोन तिरके. वरच्या तिरक्या स्नायूचा दोर तर एका इवल्याशा कप्पीतून वळून येतो, होडीवर शिडाचा दोर यावा तसा. पापणी उचलणारा स्नायू वेगळा. मेंदूचा निरोप मज्जातंतूच्या टोकाशी येऊन स्नायूला मिळतो, तेव्हा नजर वळते. म्हणून नजर वळली नाही तर निरोप धाडणाराच गेला असे नव्हे. निरोप वाटेत अडला असेल.

आपल्या रायगडात याचे उदाहरण दूर शोधायला नको. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचे दात इतके बारीक की पुष्कळदा खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, मग पापण्या खाली येतात, नजर खिळते, गिळता-बोलता येत नाही आणि पुढे श्वास थांबतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशावरील कामासाठी प्रसिद्ध आहेत. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मण्यार आणि नाग यांच्या दंशावरही त्यांनी लिहिले आहे.

हे विष स्नायूकडे जाणारा निरोप तोडते. माणसाची शुद्ध हरपतेच असे नाही. कधी बाहुल्याही प्रकाशाला दाद देत नाहीत आणि मेंदू मेला असे वाटते. पण तो रुग्ण आतून जागा असू शकतो, सारे ऐकत असू शकतो. वेळेवर लस आणि काही दिवस व्हेंटिलेटरचा श्वास मिळाला, तर तोच माणूस चालत घरी येतो. अशा वेळी घाईने "मशीन काढा" म्हणणे केवढे भयंकर!

कुणी म्हणेल, ही एका सापाची गोष्ट झाली. पक्षाघाताने खरोखर शुद्ध गेलेल्यांचे काय? तेथेही आतले आपल्याला दिसत नाही. आणि समजा, त्याला खरेच काही कळत नसले, तरी तो आपला बाप किंवा भाऊ राहत नाही काय? प्रतिसाद देतो तोवरच माणूस, हा हिशेब ख्रिस्ती माणसाला मान्य करता येणार नाही. याईराच्या घरी लोक प्रभूला हसले. प्रभूने मात्र त्या निपचित मुलीचा हात धरला आणि तिच्याशीच बोलला. ती चमत्काराची गोष्ट आहे, सर्पदंशाची नव्हे. पण तो कुणाशी बोलला, हे पाहण्यासारखे आहे.

तैलाभ्यंगासाठी फादरांना बोलावायचे ते लवकर बोलवावे, आणि प्रार्थना रुग्णाच्या कानाशी, त्याच्या ओळखीच्या शब्दांत म्हणावी. भेटायला गेल्यावर आधी आपले नाव सांगावे. मग घरची खबर द्यावी, होडी परत आली का, भात कापून झाले का, कोण कोण विचारपूस करून गेले. जमिनीचे आणि खर्चाचे बोलणे बाहेरच्या बाकावर.