विषय किती घ्यावेत? विद्येचा संग्रह आणि त्याग

दहावीनंतर कोणते विषय घ्यायचे आणि कोणते सोडायचे हे ठरवताना विद्यार्थ्याला पहिल्यांदाच एखाद्या विद्येकडे पाठ फिरवावी लागते. तोवर सोडण्याची मुभाच नसते. कर्नाटकात एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, तीन भाषा, गणित, विज्ञान आणि समाजविज्ञान असे सहा विषय सर्वांना असतात. पुढे पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, दोन भाषा आणि चार ऐच्छिक विषय, प्रत्येकी 100 गुणांचे. बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमेवरच्या मुडबीसारख्या गावात मराठी घरातली ही चर्चा मराठीतून होते, कागदपत्रे कन्नड-इंग्रजीत असतात, आणि निर्णयावरून मुलाने शिकायला बसवकल्याणला जायचे, कलबुर्गीला की लातूरला, हेही ठरते.

चार हा आकडा नियमाने बांधलेला असला तरी खरी निवड त्या चारांच्या आत होते. विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र गृहीतच असतात. घोडे अडते ते गणित आणि जीवशास्त्रापाशी. हे चारही, म्हणजे पीसीएमबी, घेतले की डॉक्टरकी आणि इंजिनिअरिंग या दोन्ही वाटा मोकळ्या राहतात. पीसीएमसी घेतले तर जीवशास्त्राच्या जागी संगणकशास्त्र येते आणि एक वाट सुटते. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत 720 गुणांपैकी जीवशास्त्राचे 360, भौतिकशास्त्राचे 180, रसायनशास्त्राचे 180. गणिताचा एकही नाही. इंजिनिअरिंगच्या गुणवत्ता यादीत जीवशास्त्र धरत नाहीत. म्हणजे दोन वर्षे चारही विषयांच्या शिकवण्या, जर्नले आणि प्रात्यक्षिके केल्यावर पीसीएमबीवाल्याचा एक विषय प्रवेशाच्या हिशेबातून गळतोच. तरीही घरातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला असतो, “असू दे, दोन्ही घेऊन ठेव.” सीमेपलीकडे, लातूर-उदगीरकडे, महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीत गणित न घेता जीवशास्त्र ठेवता येते आणि तिथली सीईटीही पीसीएम आणि पीसीबी अशा दोन गटांत होते. एकाच घरातल्या दोन चुलत भावंडांपुढे, कॉलेज सीमेच्या कुठल्या बाजूला आहे त्यावरून, हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो.

‘घेऊन ठेव’ ही संग्रहाची भाषा आहे, आणि विद्येचा संग्रह कितपत करावा याचा विचार भारतीय परंपरेत फार आधी झालेला आहे. छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात नारद सनत्कुमारांकडे शिकायला येतात. सनत्कुमार आधी एवढेच म्हणतात, की तुला काय येते ते सांग, मी त्याच्या पुढचे सांगेन. नारद यादी देतात: चार वेद, इतिहास-पुराणे, व्याकरण, गणित, तर्क, नीती, नक्षत्रविद्या, सर्पविद्या, यादी लांबतच जाते. ती संपल्यावर तेच कबूल करतात, की एवढे सगळे येऊनही दुःख गेलेले नाही. सनत्कुमार त्या सगळ्या विद्येला ‘नाम’ म्हणतात आणि तिथून पायरीपायरीने त्यांना भूमापर्यंत, म्हणजे जे विशाल आहे तिथपर्यंत, नेतात.

या कथेवरून ‘विषय जितके कमी तितके बरे’ असा अर्थ काढला जातो, तो टिकणारा नाही. सनत्कुमार नारदांची विद्या फेकून द्यायला सांगत नाहीत. नामाचीही उपासना कर, असेच सांगतात आणि मग त्याहून मोठे काय ते दाखवतात. नारदांना उणीव जाणवली, कारण ते सगळे विषय त्यांनी खरोखर आत्मसात केले होते. केवळ भीतीपोटी घेतलेल्या विषयाने असा प्रश्न मनात उभा राहत नाही, कारण त्या विषयाशी भेटच झालेली नसते. विषयांची संख्या आणि विद्येची विशालता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या अध्यायातून स्पष्ट दिसते.

सोडण्याबद्दल भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात अधिक नेमके विवेचन आहे. तिथे त्याग तीन प्रकारचा सांगितला आहे. नियत कर्म मोहाने टाकले तर तो तामस त्याग; कष्टप्रद म्हणून, शरीराला होणाऱ्या त्रासाच्या भीतीने टाकले तर राजस; आणि कर्म करावयाचे म्हणून करून त्याची आसक्ती व फळाची अपेक्षा सोडली तर सात्त्विक. राजस त्यागाचे फळ मिळत नाही, असे गीता स्पष्ट म्हणते. गणित अवघड जाते म्हणून सोडणारा मुलगा आणि जीवशास्त्रात मन रमते म्हणून गणित सोडणारी मुलगी यांच्या अर्जावर एकच नोंद होते, पण त्यागाच्या दृष्टीने त्या दोन अगदी वेगळ्या कृती आहेत. पालकांनी विचारायचा प्रश्न म्हणूनच ‘काय सोडतोस’ यापेक्षा ‘कशामुळे सोडतोस’ हा असावा.

त्यागाला आणखी एक अट आहे: सोडायची वस्तू हाताशी असावी लागते. जवळच्या पीयू कॉलेजात कला शाखेचाच एखादा गट शिकवला जात असेल आणि मुलीला घरचे दूर पाठवत नसतील, तर तिने विज्ञान सोडले असे म्हणता येत नाही. तो अभाव आहे, आणि अभावाला त्यागाचे नाव देणे अन्यायाचे आहे. विषयनिवडीच्या नीतीची चर्चा शहरात बसून होते तेव्हा हा भेद हमखास निसटतो.

किती पुरे, याचे माप मात्र याच भूमीत सांगितले गेले. बाराव्या शतकात बसवण्णांच्या काळी कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा हे शरण, म्हणजे बसवण्णांच्या भक्तिमार्गातले, दाम्पत्य राहत होते. सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे त्यांचे कायक, म्हणजे श्रमाचे काम, आणि त्यातूनच त्यांचा दासोह, म्हणजे इतरांना जेवू घालणे, चाले. एके दिवशी मारय्यांनी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले. लक्कम्मांनी ते घरात घेतले नाहीत. जादा तांदूळ होते तिथे परत टाकून यायला लावले. गरजेपलीकडचा साठा ही हाव आहे, ती शरणांना शोभत नाही, ही त्यांची भूमिका. यात गरिबीचे कौतुक नाही. कायकाच्या विचारात कष्टही आहेत आणि वाटणेही आहे. नाकारलेले आहे ते उद्याच्या भयाने साठवणे. हे माप विषयांना लावले तर ज्या विषयाला विद्यार्थी रोजचे मनापासूनचे कष्ट देऊ शकतो तो त्याचा, आणि केवळ ‘उद्या लागला तर’ म्हणून घेतलेला जादा. एक ना धड भाराभर चिंध्या, ही म्हण अनुभवी शिक्षकांच्या तोंडी उगाच येत नाही.

पण हे माप सरसकट लावता येत नाही, कारण शास्त्रांनी अधिकारभेदही, म्हणजे ज्याच्या त्याच्या तयारीप्रमाणे वेगळी वाट, मानला आहे. पंधराव्या-सोळाव्या वर्षी आपला कल न कळणे हा दोष नव्हे. अशा विद्यार्थ्याने गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेऊन वर्षभर दोन्हींची खरी ओळख करून घेतली, तर तो साठा नसून शोध आहे.

उद्याचे भय आता पूर्वीइतके सकारणही राहिलेले नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर 2023 मध्ये जाहीर केले, की बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यांनाही नीटला बसता येईल. आळंद तालुक्यातल्या कडगंची इथल्या, 2009 साली स्थापन झालेल्या कर्नाटक केंद्रीय विद्यापीठात पदवीप्रवेश सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतात. त्या परीक्षेत 2023 साली 10 विषयांपर्यंत निवड करता येत होती, 2024 मध्ये मर्यादा 6 वर आली आणि 2025 मध्ये 5 वर. त्याच वर्षी बारावीला न घेतलेल्या विषयाचीही परीक्षा देण्याची मुभा मिळाली. विषय कमी घ्या, पण मागचे सुटलेले परत घ्यायला हरकत नाही, अशी ही दिशा आहे आणि ती शहाणपणाची आहे.

राहिला दोन भाषांचा प्रश्न, जो सर्वांत घाईने उरकला जातो. इंजिनिअरिंगच्या यादीत भाषेचे गुण धरत नाहीत, त्यामुळे जी सोपी तीच भाषा घेतली जाते. कर्नाटकाच्या पीयूसीत मराठी घेता येते, पण कॉलेजात ती शिकवणारे कोणी असेल तरच तिचा उपयोग. शिक्षक असताना मराठी सोडणे हे दुःखद आहे, कारण दहावीपर्यंत कमावलेली वाचण्या-लिहिण्याची सवय तिथेच थांबते. शिक्षक नसेल तर इंग्रजीसोबत कन्नड मन लावून शिकावी. तालुक्याच्या कचेरीतला व्यवहार तिच्यात चालतो आणि शरणांची वचनेही मुळात तिच्यातच आहेत. मराठीचे वाचन अशा वेळी घरी चालू ठेवावे लागते, त्यासाठी कुठल्याही अर्जात रकाना नसतो.