परवलीचा शब्द आणि ठेवीचा धर्म

परवलीचा शब्द ही मुळात पहाऱ्यावरची गोष्ट. रात्री छावणीच्या नाक्यावर पहारेकऱ्याने हटकले की ठरलेला शब्द सांगायचा. शब्द जुळला तर माणूस आपला. तो नेमका कोण, हे पहारेकऱ्याला कळत नाही आणि कळण्याची गरजही नसते. रोमन छावणीतली ही पद्धत पॉलिबिअस या ग्रीक इतिहासकाराने वर्णन केली आहे. त्या रात्रीचा शब्द लाकडी पाटीवर लिहून एका तुकडीकडून दुसरीकडे जाई आणि अंधार पडण्याआधी ती पाटी अधिकाऱ्याकडे परत पोचावी लागे. तो शब्द सगळ्यांचा असे, आणि सगळ्यांचा असण्यातच त्याचे काम होते.

संगणकाचा पासवर्ड नेमक्या उलट कामासाठी आला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो आणि सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही प्रणाली उभी केली. यंत्र एकच आणि वापरणारे अनेक, म्हणून प्रत्येकाची फाइल आणि प्रत्येकाच्या वाट्याचा वेळ वेगळा ठेवायला पासवर्ड दिले गेले. ‘आपल्यातला एक’ एवढे सांगून इथे भागत नव्हते, ‘हाच तो’ असे सांगावे लागत होते. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने वाट्याचा वेळ पुरेना म्हणून पासवर्डांची अख्खी फाइल छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर काम केले. पासवर्ड पाळण्यातून उतरला नाही तोच दुसऱ्याच्या नावावर बसण्याची युक्तीही निघाली म्हणायची.

छोट्या धंद्यात या दोन शब्दांची गल्लत होते. यंत्र ज्याला एका माणसाची ओळख समजते, ते दुकानात पहाऱ्यावरच्या शब्दासारखे वापरले जाते. तालुक्याच्या गावातले चार-पाच जणांचे कर सल्लागाराचे कार्यालय घ्यावे. महिन्याची २० तारीख, संध्याकाळ, जीएसटीचे थ्रीबी विवरण भरण्याचा शेवटचा दिवस. पन्नास-साठ ग्राहकांचे युजरनेम आणि पासवर्ड एका दोनशे पानी वहीत, काही खोडून वर नवे लिहिलेले. निम्मे पासवर्ड म्हणजे दुकानाचे नाव आणि पुढे ‘ॲट एक दोन तीन’. एका ग्राहकाचा ओटीपी हवा असतो, पण तो भाच्याच्या लग्नात मंगल कार्यालयात असतो. सनईच्या आवाजात तो सहा आकडे ओरडून सांगतो आणि इकडे परत विचारले जाते, “शेवटचा सात की आठ?” विवरण भरले जाते. पोर्टलच्या लेखी ते ग्राहकाने स्वतः भरलेले असते.

इथे तत्त्वज्ञानाचा जुना प्रश्न उभा राहतो : कर्ता कोण? गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, नाना प्रकारची करणे, निरनिराळ्या चेष्टा म्हणजे क्रिया, आणि पाचवे दैव. सर्व्हरवरच्या नोंदीत अधिष्ठान दिसते, कारण कोणते खाते ते तिथे लिहिलेले असते. करण दिसते, म्हणजे कोणत्या यंत्रावरून. क्रिया तर मिनिट-सेकंदासह दिसते. दिसत नाही तो कर्ता. कर्त्याच्या जागी खात्याचे नाव असते, आणि ते नाव पाच जण वापरत असतील तर ती जागा रिकामीच असते. याचा पहिला फटका निरपराध माणसाला बसतो. पैसे चुकीच्या खात्यात गेले किंवा एखादे बिल रद्द झाले, तर पाचही जणांवर संशय येतो आणि चौघांना आपण ते केले नाही हे दाखवता येत नाही. वेगवेगळी खाती म्हणजे चोर धरायचा सापळा, अशी समजूत असते. प्रत्यक्षात ती प्रामाणिक माणसाची साक्ष असते.

केले कोणी, एवढ्यावरही प्रश्न मिटत नाही. योगसूत्रांत आणि जैन आचारशास्त्रात कर्माचे कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन प्रकार येतात : स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि मान्यता दिलेले. “माझ्याच नावाने लॉगिन कर” असे सांगणारा मालक कारिताचा धनी होतो. वही टेबलावर उघडी पडलेली पाहून गप्प बसणारा अनुमोदनाचा. (हिंदू एकत्र कुटुंबाच्या धंद्यात तर ‘कर्ता’ हा कायद्याचाच शब्द आहे. विवरणावर सही त्याची, लॉगिन मात्र बहुधा धाकट्या पुतण्याचे.) माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी नुसार दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीने वापरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण पासवर्ड आपणहून दिलेला असेल, तर परवानगी कोणत्या कामापुरती होती आणि कधी संपली, हे कशावरून दाखवणार?

दुसऱ्याच्या हाती सोपवलेल्या वस्तूचा विचार धर्मशास्त्राने फार बारकाईने केला आहे. मनुस्मृतीतल्या अठरा व्यवहारपदांत, म्हणजे वादाच्या विषयांत, ऋणानंतर लगेच निक्षेपाचा, अर्थात ठेवीचा, क्रम लागतो. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली. तिच्यात ठेवीचे दोन प्रकार वेगळे केले आहेत. मोजून, दाखवून दिलेला तो निक्षेप. मोहोरबंद करून, आत काय आहे हे न सांगता दिलेला तो उपनिधी. राजाने, दैवाने किंवा चोराने नेलेल्या ठेवीची भरपाई ठेव सांभाळणाऱ्याकडून घ्यायची नाही. मात्र मागूनही त्याने परत दिली नाही आणि नंतर ती गेली, तर भरपाई आणि दंड दोन्ही. ठेव स्वतःच्या फायद्यासाठी वापरणाऱ्यालाही शिक्षा आहे. आणि ठेव जशी दिली तशीच परत घ्यायची, असे मनू सांगतो.

पासवर्ड नेमका या शेवटच्या अटीत बसत नाही. गोदामाची किल्ली परत घेता येते. तिची नक्कल करायची तर निदान किल्लीवाल्याकडे जावे लागते. सांगितलेला शब्द परत घेता येत नाही. देणाऱ्याकडचा जात नाही आणि घेणाऱ्याकडचा पुसत नाही. मराठीत ‘षट्कर्णी होणे’ म्हणतात ते हेच. दोघांत असलेली गोष्ट तिसऱ्याच्या कानी गेली की ती कुणाच्याच ताब्यात राहत नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलेल्या पासवर्डचे कान तर मोजायलाच नकोत. म्हणून पासवर्ड परत घेण्याचा एकच मार्ग उरतो, तो बदलणे.

यावर नेहमीचा आक्षेप विश्वासाचा असतो. पंधरा वर्षे गल्ला सांभाळणाऱ्या, घरच्यासारख्या माणसाला वेगळे खाते दिले तर त्याला काय वाटेल? पण याच दुकानात दिवसातून दहा वेळा “मोजून घ्या” म्हटले जाते आणि सख्खा भाऊही नोटा मोजूनच घेतो. त्यात कुणाचा अपमान होत नाही. मोजलेली ठेव ही अविश्वासाची खूण नव्हे, तिच्यामुळे सांभाळणाऱ्याच्या डोक्यावरचे ओझे उतरते. शिवाय ज्या विश्वासात कुणी काय केले हे कधी कळूच शकत नाही, त्याला विश्वास तरी कसा म्हणावा? ती न विचारण्याची सवय असते.

व्यवहारात याचा अर्थ असा की, जिथे माणसागणिक खाते मिळते तिथे एकच पासवर्ड वाटून वापरण्याचे कारण नाही. ई-वे बिलाच्या पोर्टलवर उप-वापरकर्ते तयार करता येतात. टॅलीत प्रत्येकाला वेगळे नाव आणि मर्यादित अधिकार देता येतात. फेसबुक पेजसाठी मालकाचा पासवर्ड मागण्याची गरजच नाही, कारण प्रत्येकाला स्वतःच्या खात्यातून प्रवेश देता येतो. जीएसटी पोर्टलवर ग्राहक नोंदणीकृत जीएसटी प्रॅक्टिशनरची नेमणूक करू शकतो आणि तो स्वतःच्या लॉगिनने काम करतो. चालू खात्याला मेकर-चेकरची सोय घेतली की एक जण रक्कम भरतो, दुसरा मंजुरी देतो.

तरी काही पासवर्ड एकाच नावाचे उरतात. त्यांच्यासाठी उपनिधीची कल्पना चपखल बसते. बिटवॉर्डन किंवा वनपासवर्डसारख्या पासवर्ड मॅनेजरमध्ये सामायिक तिजोरी ठेवता येते. कर्मचारी स्वतःच्या नावाने ती उघडतो आणि पासवर्ड परस्पर योग्य रकान्यात भरला जातो. तो न दाखवता वापरू देण्याची सोयही असते. ही मोहोर मात्र मेणाची समजावी, लोखंडाची नव्हे, कारण थोडी तांत्रिक माहिती असलेला माणूस भरलेला पासवर्ड वाचू शकतो. खरा फायदा दुसरीकडे आहे. तिजोरीत कोणाला प्रवेश आहे याची यादी मालकासमोर राहते आणि पासवर्ड लांब, वेडावाकडा ठेवता येतो, कारण तो कुणाला पाठ करायचा नसतो. दर महिन्याला सक्तीने पासवर्ड बदलण्याचा जुना नियम आता मागे पडला आहे. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शनात, पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा तो बदलावा, उगाच ठराविक मुदतीने नको, असे सांगितले. माणूस नोकरी सोडून जातो तेव्हा मात्र त्याला ठाऊक असलेला प्रत्येक सामायिक पासवर्ड त्याच दिवशी बदलायचा. पेढे वाटून निरोप घेतलेला असला तरीही. बदल केलेला असला की पुढे काही घडल्यास त्या माणसाकडे बोट दाखवायला जागा राहत नाही.

राहतो मालकाचा स्वतःचा मुख्य पासवर्ड. तो एकट्याच्याच डोक्यात असेल तर एका आजारपणात धंदा अडतो. त्यासाठी जुनीच रीत चालते : पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घालायचा, पाकीट चिकटवून जोडावर दोघांच्या सह्या आणि तारीख घालायची आणि ते बँकेच्या लॉकरमध्ये किंवा घरच्या तिजोरीत ठेवायचे. पाकीट कोणी, कधी, कशासाठी उघडले हे वहीत लिहायचे. एकदा फुटलेले पाकीट पुन्हा चिकटवत नाहीत. पासवर्ड बदलून नवे पाकीट करतात आणि त्यावर नव्या तारखेच्या सह्या होतात.